पिकअपच्या पॅनेलांमागून वायर नेताना

माझ्या चार दारांच्या पिकअपमध्ये पुढे आणि मागे असे दोन कॅमेरे असलेला डॅशकॅम बसवून आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत त्याची वायर काचेच्या कडेने, डॅशबोर्डवरून आणि स्टिअरिंगच्या खालून उघडीच फिरत होती. मागच्या कॅमेऱ्याची वायर दाराच्या रबरात कशीबशी कोंबून पायातल्या मॅटखालून मागच्या सीटपर्यंत नेलेली होती. एकदा उतारावर ब्रेक दाबताना पेडलला काहीतरी मऊ अडल्यासारखे वाटले. गाडी थांबली, पण खाली वाकून पाहिले तेव्हा वायरीचे सुटलेले वेटोळे पेडलच्या दांड्यावर येऊन बसलेले दिसले. ते वेटोळे त्याच क्षणी काढून टाकले आणि घरी आल्यावर ठरवले की आता हे काम पॅनेल उघडूनच करायचे. उघडणारच आहोत तर मागच्या हौद्यात सामान चढवताना लागणारे दोन एलईडी दिवे आणि मागच्या सीटसाठी यूएसबी चार्जिंगची सोय हीदेखील त्याच वाटेने न्यावी, असेही ठरले.

पहिले दोन दिवस मी हत्याराला हात लावला नाही. सुतळी घेऊन प्रत्येक वायरीची वाट मोजली: काचेच्या वरच्या कडेपासून ए-पिलर म्हणजे काचेच्या बाजूचा तिरपा खांब, तिथून डॅशबोर्डच्या टोकामागून फ्यूज बॉक्स, तिथून दाराच्या उंबऱ्याखालून मागच्या सीटमागची भिंत. मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या अस्तरातून नेली असती तर अंतर कमी पडले असते, परंतु त्या कडेला डोक्याच्या बाजूची पडद्यासारखी एअरबॅग पुढच्या खांबापासून मागपर्यंत घडी करून ठेवलेली असते आणि तिच्याशी जितका कमी संबंध येईल तितके बरे, असे मला वाटले. म्हणून लांबची, पण खालची वाट निवडली. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत प्रत्येक पॅनेलच्या मागे क्लिपा कुठे आहेत आणि ते कोणत्या दिशेने सुटते याची चित्रे होती. त्या चित्रांनी माझा जितका वेळ वाचवला तितका कुठल्याही हत्याराने वाचवला नाही.

विजेचा हिशेबही त्याच वेळी कागदावर केला. डॅशकॅमला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. हौद्यातले दोन दिवे प्रत्येकी १८ वॉटचे, म्हणजे १२ व्होल्टवर मिळून ३ अँपिअर. चार्जर पूर्ण क्षमतेने चालला तर ४५ वॉट, म्हणजे ४ अँपिअरच्या आसपास. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घेतली. ६ मीटर लांबीत ३ अँपिअरला तिच्यात जेमतेम ०.२ व्होल्ट पडतो आणि दिव्याला तो जाणवतही नाही. फ्यूज हा उपकरणासाठी नसून वायरीसाठी असतो, ही गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली होती. वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर ती तापून पेटण्याआधी फ्यूजने जीव सोडायला हवा, आणि म्हणूनच बॅटरीवरून थेट येणाऱ्या वायरीचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा लागतो. माझा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे.

कामाच्या दिवशी गाडी सकाळी दोन तास उन्हात उभी ठेवली. थंडीत क्लिपा आणि पॅनेलांचे कोपरे ठिसूळ होतात, उबेत ते थोडे वाकतात. जे लोक ‘नुसते ओढा, निघते’ असे सांगतात, त्यांनी गारठलेल्या सकाळी एखादे पॅनेल ओढून पाहावे. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून टोकावर कापड गुंडाळले आणि दहा मिनिटे थांबलो. पुस्तिकेत किमान ९० सेकंद सांगितले होते. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या नियंत्रकात कपॅसिटर असतो आणि त्यात साठलेली वीज उतरायला काही वेळ द्यावा लागतो. नव्वद सेकंदांच्या ठिकाणी दहा मिनिटे थांबण्यात माझे काही जात नव्हते.

सुरुवात खालून केली, कारण पॅनेले कौलांसारखी एकावर एक बसवलेली असतात आणि शेवटी बसवलेले आधी निघते. दाराचे रबर बोटांनीच ओढून काढले. उंबऱ्यावरच्या पट्टीच्या मागच्या टोकाखाली नायलॉनची चपटी पट्टी सरकवून सरळ वर उचलले, तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन पहिली क्लिप सुटली आणि पुढच्या चार एकामागोमाग आल्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर मुद्दाम दूर ठेवला होता, कारण त्याचा एक व्रण प्लास्टिकवर पडला की तो गाडीच्या आयुष्यभर पुरतो. पॅनेलच्या शेजारच्या भागावर रंगकामाची कागदी चिकटपट्टीही लावून घेतली.

पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलने मात्र मला धडा दिला. त्याच्या पुढच्या टोकाला, पेडलांच्या बाजूला, हाताने फिरवून काढायचे एक प्लास्टिकचे नट होते. ते मी काढले. त्यानंतर उंबऱ्याच्या पट्टीप्रमाणे हेही वर उचलायचे असेल असे गृहीत धरून जोर लावला. खरे तर ते आधी गाडीच्या मध्याकडे आणि मग मागे सरकवायचे होते. चित्रात बाण होता, मी तो पाहिला नव्हता. क्लिप पत्र्यातच राहिली आणि पॅनेलच्या पाठीवरचा, क्लिपला धरून ठेवणारा छोटा प्लास्टिकचा कप्पा एका बाजूने चिरला. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी लावून, कपड्याच्या चिमट्याने दाबून ते रात्रभर ठेवावे लागले. अडकलेली क्लिप पत्र्यातून नोज प्लायरने अलगद काढली आणि जोड वाळल्यावर आधी पॅनेलवर बसवली. पत्र्यात राहिलेल्या क्लिपवर वरून पॅनेल दाबून बसवायला गेले की ती तिरकी होते आणि नंतर महिनोन्महिने वाजत राहते, हे मी एका जुन्या गाडीवर अनुभवलेले होते.

ए-पिलरच्या आवरणावर ‘एअरबॅग’ असे कोरलेले होतेच. वरच्या भागात धरायची मूठ होती. तिच्या दोन्ही टोकांच्या टोप्या उघडून आतले दहा नंबरचे बोल्ट काढले. मग वरची कड दोन्ही हातांनी गाडीच्या मध्याकडे ओढली. पहिली क्लिप सुटली, आवरण दोन-तीन सेंटिमीटर पुढे आले आणि तिथेच थांबले. कुठेतरी आणखी एक क्लिप अडली असावी असे समजून मी जोर वाढवणार होतो, एवढ्यात कालच्या चिरलेल्या कप्प्याची आठवण झाली आणि हेडलॅम्प लावून फटीतून आत पाहिले. आत नखाएवढ्या डोक्याचा एक प्लास्टिकचा पट्टा होता आणि त्याने आवरणाला दावणीला बांधावे तसे खांबाला बांधून ठेवले होते. पडद्याची एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात उघडते. त्या धडाक्यात आवरण सुटून माणसाच्या तोंडावर येऊ नये, ते जागच्या जागी लोंबावे, यासाठी हे दावे असते. नोज प्लायरने त्याचे डोके पाव वळसा फिरवले तेव्हा ते निमूटपणे सुटले. पुस्तिकेप्रमाणे ही क्लिप एकदाच वापरायची असते, म्हणून पुन्हा बसवण्यासाठी दोन नव्या आणून ठेवल्या होत्या.

आवरणामागे पाहिल्यावर मला माझ्या घाईची थोडी लाज वाटली. खांबाच्या पोकळीत कापडी वेष्टनात घडी केलेली एअरबॅग, तिच्या बाजूने काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली कंपनीची वायरिंग, छतावर जाणारी अँटेनाची केबल आणि खाली एअरबॅगचे एक पिवळे कनेक्टर. पिवळा रंग दिसला की हात मागे घ्यायचा, एवढा नियम मी पाळला. डॅशकॅमची वायर काचेच्या वरच्या कडेला, अस्तर आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत नुसत्या बोटांनी सरकली. तिथे काही काढावे लागले नाही. खांबापाशी आल्यावर मी ती जिथे सहज बसली तिथून खाली आणली, दोन ठिकाणी कापडी टेप लावली, फोटो काढले आणि दिवसाचे काम थांबवले.

रात्री ते फोटो मोबाइलवर मोठे करून पाहताना चूक दिसली. माझी वायर एअरबॅगच्या वरून, म्हणजे केबिनच्या बाजूने, तिरकी गेलेली होती. एअरबॅग उघडताना ती वायर तिच्या वाटेत आली असती; फुगा एका बाजूने अडला असता किंवा वायर आणि तिला बांधलेला कॅमेरा झटक्याने आत फेकला गेला असता. दिसायला काम अगदी नीटनेटके होते, म्हणून तर आवरण लावल्यावर ही गोष्ट कधीच कळली नसती. सकाळी पहिले काम तेच केले: वायर पूर्ण बाहेर काढली, एअरबॅगच्या मागून, काचेच्या बाजूला असलेल्या कंपनीच्या वायरिंगला समांतर नेली आणि त्या वायरिंगलाच दर वीतभर अंतरावर कापडी टेपने बांधली. एअरबॅगच्या वेष्टनाला किंवा तिच्या धारकाला काहीही बांधले नाही. केबल टायही तिथे वापरले नाहीत, कारण त्यांचे कापलेले टोक ब्लेडसारखे धारदार राहते.

फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत; तिच्यातून बॅटरीची वायर आत आणण्याच्या कामात धाकटा भाऊ मदतीला होता. इंजिनाच्या बाजूने पाहिले तर कंपनीची जाड वायरिंग रबराच्या एका मोठ्या ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसवलेल्या कडीतून, आत जाते आणि त्या ग्रोमेटवर एक बंद तोंडाची, बोटाच्या पेराएवढी नळी जादा वायरीसाठी ठेवलेली असते. पत्र्याला नवे भोक पाडण्यापेक्षा ही नळी शंभर पटींनी बरी. तिचे टोक कापले आणि वायरमन भिंतीतल्या पाइपातून वायर ओढायला वापरतात तशी प्लास्टिकची लवचिक पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवून आत ढकलली. मी पेडलांखाली उताणा पडून, आवाज ऐकून आणि बोटांनी चाचपून ती शोधत होतो. फायरवॉलच्या आतल्या बाजूला आवाज दाबणारा जाड फेल्ट असतो आणि पट्टी दर वेळी त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये शिरून नाहीशी होत होती. चौथ्या प्रयत्नात फेल्टची कड हाताने दाबून धरली, तेव्हा तिचे टोक तळहातावर आले. वायर पट्टीला टेपने बांधून मी ओढायला लागलो. “दादा, आता ओढू नकोस, इथे पीळ पडलाय,” असे तो बोनेटखालून ओरडला नसता तर वायरीवरचे आवरण ग्रोमेटच्या तोंडाशी सोलले गेले असते. वायर आत आल्यावर नळीच्या तोंडावर टेप गुंडाळून ती बंद केली, कारण जिथून वायर येते तिथून पाणीही येते.

उंबऱ्याखालची वाट सोपी निघाली. कंपनीची वायरिंग तिथे प्लास्टिकच्या पन्हाळीतून जाते आणि त्या पन्हाळीत माझ्या तीन वायरींना जागा होती. मधल्या खांबापाशी फक्त खालची टोपी उचलली. त्याच्या आत सीटबेल्टची रीळ आणि अपघाताच्या वेळी पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर असतो, म्हणून वायर त्यांच्या खालून, पट्टा जिथे कधीच फिरत नाही अशा कोपऱ्यातून नेली. मागे सीटची पाठ सोडवल्यावर जॅक, त्याचा दांडा आणि जाड फेल्टने झाकलेली मागची भिंत समोर आली. मागच्या कॅमेऱ्याची वायर कोपऱ्याच्या आवरणामागून काचेपर्यंत चढवायला वीस मिनिटे लागली. हौद्याकडे जाणाऱ्या वायरीसाठी सीटखालच्या पत्र्यातले एक रबरी बूच वापरले: त्याला मधोमध छोटे छिद्र पाडले, वायर घट्ट बसेल इतकेच, आणि खालून सीलंट लावले. गाडीखाली वायरीला नालीदार नळीचे आवरण चढवले आणि बुचाच्या अलीकडे तिला खाली झुकणारा एक वळसा दिला, म्हणजे वायरीवरून ओघळत येणारे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकते, बुचापर्यंत चढत नाही.

फ्यूज बॉक्समधून डॅशकॅम आणि चार्जरसाठी वीज घेताना फ्यूज टॅप वापरला. एकाच जागी जुना आणि नवा असे दोन फ्यूज बसवणारा हा छोटा जोड आहे. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनाच्या नियंत्रकाचे फ्यूज सोडून देऊन मी १२ व्होल्टच्या सॉकेटची जागा निवडली, कारण ती चावी फिरवल्यावरच चालू होते आणि गाडी उभी असताना बॅटरी उतरत नाही. टॅप दोन्ही बाजूंनी बसतो, पण एकच बाजू बरोबर असते. त्या जागेच्या दोन पायांपैकी कोणत्या पायावर बॉक्समधून वीज येते ते जुना फ्यूज काढून मल्टिमीटरने पाहावे लागते. त्यासाठी तेवढ्यापुरती बॅटरी जोडली. त्याआधी ए-पिलर आणि इतर सर्व कनेक्टर जागच्या जागी असल्याची खात्री केली. टॅप उलटा बसला तर नव्या उपकरणाचा प्रवाहसुद्धा जुन्या फ्यूजमधून जातो आणि दोन वेगळे फ्यूज ठेवण्याचा हेतूच उरत नाही. अर्थिंगसाठी कंपनीने दिलेला पत्र्याचा बोल्टच घेतला. जोड सगळे क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपीत तार घालून पकडीने दाबलेले आहेत. सोल्डर करावे की क्रिंप, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्यापुरते कारण साधे आहे: सोल्डर तारेच्या पेडांत मुरून तिला ताठ करते आणि जिथे ताठ भाग संपतो तिथे सततच्या कंपनाने ती तुटते.

पॅनेले लावण्याआधी, सगळे लोंबत असतानाच, प्रत्येक गोष्ट चालवून पाहिली आणि त्यामुळे एक दोष वेळेवर सापडला. कॅमेरा चालू केला की एफएम रेडिओवर सूं असा आवाज येऊ लागे. कॅमेऱ्यासाठी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी डबी मी ए-पिलरच्या पायथ्याशी ठेवली होती आणि तिथूनच अँटेनाची केबल जात होती. ती डबी खाली, फ्यूज बॉक्सच्या पलीकडे हलवली आणि तिच्या वायरीवर चिमटीसारखी बसणारी फेराइटची कडी लावली. आवाज जवळजवळ गेला; दूरचे, अशक्त स्टेशन लावले तर आजही थोडा येतो आणि मी तो सोडून दिला आहे. बॅटरी सोडवल्यामुळे चालकाच्या काचेचे एका दाबात वर जाणे बंद पडले होते. काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद वर धरून ठेवल्यावर तिला ते पुन्हा आठवले.

दहा दिवसांनी वेगळीच कुरकुर सुरू झाली. इंजिन न्यूट्रलमध्ये फिरत असताना गुडघ्याजवळून अडकलेल्या माशीसारखा आवाज येई आणि वेग वाढला की थांबे. पहिला संशय साहजिकच चिकटवलेल्या पॅनेलवर गेला, पण त्यावर तळहात दाबून धरला तरी आवाज तसाच राहिला. डॅशबोर्डच्या खालचे आवरण मात्र दाबले की तो बंद होई. ते उघडले तेव्हा मीच खाली हलवलेल्या डबीची उरलेली हातभर वायर नीट गुंडाळून ठेवलेली दिसली आणि तिचे कनेक्टर आवरणाच्या पाठीवर टेकलेले होते. तिथे प्लास्टिकवर नखाने ओढल्यासारखी एक चकचकीत रेघही उमटली होती. वेटोळे सोडून वायर स्टीलच्या ब्रॅकेटवर लांब पसरली, कनेक्टरला कापडी टेपचे तीन पदर दिले आणि आवरण परत लावले. आवाज गेला. मागच्या भिंतीवरच्या आवरणाचा डावा वरचा कोपरा मात्र अजूनही नखाच्या जाडीएवढा उचललेला आहे. तिथे फेल्टच्या मागे वायरीचा एक वळसा जास्त राहिला आहे. सीटची पाठ लावल्यावर तो दिसत नाही, पण पुढच्या वेळी चार्जरचे सॉकेट बदलायला सीट काढेन तेव्हा तोही सरळ करायचा आहे.